राखण : प्रकल्प नोंदी, जानेवारी ते मे २०२५

६ जानेवारी, सोमवार

विषय नक्की झाला. ऑनलाइन खरेदी करताना "कूपन शोधून देतो", "पैसे परत मिळवून देतो" म्हणणारी ब्राउझर एक्सटेन्शन (ब्राउझरला जोडायचे छोटे प्रोग्राम) प्रत्यक्षात काय करतात ते तपासायचं, आणि जमलं तर त्यांच्यावर लक्ष ठेवणारं एक छोटं एक्सटेन्शन आपणच लिहायचं. प्रकल्पाच्या मार्गदर्शक मॅडमनी मान्यता देताना एक अट घातली : "नोंद त्या त्या दिवशीच लिही. बघितलेलं आणि वाटलेलं वेगवेगळं ठेव." प्रयत्न करते. पण विषय घरातला आहे, त्यामुळे दोन्ही एकमेकांत मिसळणार हे आत्ताच सांगून ठेवते.

आई इचलकरंजीत घरीच शिवणक्लास घेते. टाळेबंदीत क्लास बंद पडला तेव्हा तिने मोबाइलवर व्हिडिओ करायला सुरुवात केली. बॉबिनचा ताण कसा लावायचा, सुई कोणत्या कापडाला कोणत्या नंबरची, नवीन मशीन घेताना काय बघायचं. व्हिडिओखाली मशीनची लिंक असते. प्रत्येक व्हिडिओत ती स्वतःच्या तोंडाने सांगते, "खाली लिंक दिलीय. त्यावरनं घेतलंसा तर मला थोडं कमिशन मिळतं, तुमची किंमत तेवढीच राहते." जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने शिफारस करणाऱ्यांनी असं उघड सांगावं म्हणून सूचना काढल्या, तेव्हापासून तर ती हे वाक्य कधीच विसरत नाही. महिन्याला हजार-बाराशे रुपये येतात. त्यात क्लासचा दोरा, कॅनव्हास आणि पट्ट्या भागतात.

गेल्या काही महिन्यांत लिंकवर जाणाऱ्या बायका तेवढ्याच आहेत, तिच्या नावावर पडणाऱ्या ऑर्डरी मात्र कमी झाल्या आहेत. आई म्हणते, लोकांकडे पैसा नाही. मला दुसरीच शंका आहे.

९ जानेवारी, गुरुवार

शंका कुठून आली ते लिहून ठेवते. २१ डिसेंबर २०२४ ला मेगालॅग नावाच्या न्यूझीलंडच्या यूट्यूबरने 'हनी' या एक्सटेन्शनवर व्हिडिओ टाकला. हनी २०१२ मध्ये लॉस एंजेलिसला सुरू झालं, आणि पेपाल या ऑनलाइन पैसे भरण्याची सेवा देणाऱ्या कंपनीने ते सुमारे ४०० कोटी डॉलरला विकत घेतलं. व्यवहार नोव्हेंबर २०१९ मध्ये जाहीर झाला आणि जानेवारी २०२० मध्ये पूर्ण झाला. फुकट मिळणाऱ्या कूपन शोधणाऱ्या बटणाला एवढे पैसे कुणी का देईल, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता.

त्याचं उत्तर कमिशनच्या पद्धतीत आहे. लिंकमध्ये शिफारस करणाऱ्याचा टॅग, म्हणजे त्याची ओळख सांगणारी अक्षरं, असतो. लिंक उघडली की दुकान तो टॅग ब्राउझरमध्ये कुकी म्हणून, म्हणजे एक छोटी नोंद म्हणून, ठेवतं. ॲमेझॉनवर ही मुदत साधारण २४ तासांची असते, काही दुकानांत काही आठवड्यांची. त्या मुदतीत खरेदी झाली की कमिशन कुणाचं, हे शेवटच्या क्लिकवरून ठरतं. म्हणजे तासभर बसून समजावणारा एकीकडे, आणि पैसे भरायच्या पानावर शेवटचा हात लावणारा दुसरीकडे. दुकानाला दिसतो तो दुसरा.

व्हिडिओतला आरोप असा, की हनी हा शेवटचा हात लावतं. कूपन सापडो वा न सापडो, बटण दाबलं की आपला टॅग बसवतं. त्यात एक उदाहरण दाखवलं होतं. खरेदीवर हनीला ३५ डॉलर ६० सेंट कमिशन गेलं, ग्राहकाला बक्षीस म्हणून मिळाले ८९ सेंट. दुसरा आरोप कूपनचा. हनीशी करार केलेलं दुकान कोणते कोड दिसावेत ते स्वतः ठरवू शकतं, आणि तरीही ग्राहकाला मात्र "सर्वांत चांगला कोड शोधला" असं सांगितलं जातं. डिसेंबरच्या अखेरीस वकील-यूट्यूबर डेव्हिन स्टोन आणि इतरांनी कॅलिफोर्नियाच्या संघीय न्यायालयात खटला दाखल केला. पेपालचं म्हणणं, हनी या व्यवसायातले नियम आणि प्रथा पाळतं, शेवटच्या क्लिकची पद्धतही त्यातलीच. खटल्यात काय व्हायचं ते होईल. पण "प्रथा आहे" हे उत्तर मला पटलं नाही.

१५ जानेवारी, बुधवार

संक्रांत झाली, आज मांडणी केली. मी आणि माझी प्रकल्पातली मैत्रीण, दोन लॅपटॉप. प्रत्येक एक्सटेन्शनला क्रोमचं वेगळं, कोरं प्रोफाइल. चार एक्सटेन्शन निवडली, त्यांना क, ख, ग, घ म्हणायचं ठरवलं. खरी नावं अहवालातही देणार नाही. दोन मुलींनी घरच्या इंटरनेटवर काही दिवस बघितलेल्या गोष्टीवरून कुणावर बोट ठेवणं बरोबर नाही. आवृत्ती बदलली की वागणंही बदलतं.

दुसरा नियम, प्रत्यक्ष खरेदी करायची नाही. आईच्या करारानुसार घरच्यांनी तिच्या लिंकवरून घेतलेल्या वस्तूवर तिला कमिशन घेता येत नाही, आणि ते योग्यच आहे. पैसे भरायच्या पानापर्यंत जायचं, कुकी बघायची, परत यायचं.

१९ जानेवारी, रविवार

'क' ची चाचणी. आज जे दिसलं ते सविस्तर लिहिते.

आईच्या व्हिडिओखालची घरगुती शिलाई मशीनची लिंक उघडली. पत्त्याच्या शेवटी तिचा टॅग. क्रोममधल्या तपासणीच्या साधनांत ॲप्लिकेशन पॅनेल असतं, त्यात कुकी उघडली, तिथेही तोच टॅग. ब्राउझर कुठे कुठे विनंती पाठवतो ते दाखवणाऱ्या नेटवर्क पॅनेलमध्ये 'प्रिझर्व्ह लॉग' वर टिक केली, म्हणजे पान बदललं तरी नोंद पुसली जाणार नाही. मशीन कार्टमध्ये टाकलं. पैसे भरायच्या पानावर येताच उजव्या कोपऱ्यातून पट्टी सरकत आली, "कूपन शोधू का?" हो म्हटलं. डझनभर कोड एकामागून एक टाकून बघितल्याचं दाखवलं, गोल फिरत राहिला. शेवटी आलं, "सगळे कोड तपासले. तुम्हाला आधीच सर्वांत चांगली किंमत मिळाली आहे!" सवलत एक रुपयाचीही नाही. खाली मोठं रंगीत बटण, "ठीक आहे".

ते दाबलं आणि वरच्या टॅबच्या रांगेत एक टॅब उघडून लगेच बंद झाला. मैत्रीण म्हणाली, "काहीतरी हललं गं वर." पुन्हा केलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मोबाइलवर शूट केलं, तेव्हा कुठे नीट दिसलं. मग कुकी उघडली. आईचा टॅग गेला होता. त्या जागी दुसराच, लांबलचक अक्षरांचा.

आईला हाक मारली. ती इस्त्री बंद करून आली. नेटवर्क पॅनेलमधल्या ओळी तिला काय कळणार, असं मला वाटलं होतं. मी नुसतं आधीचं नाव आणि नंतरचं नाव दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे वरनं टीप सरळ दिसतीय आणि खाली बॉबिनचा दोरा भलताच हाय." क्लासमध्ये ती मुलींना हेच शिकवते, टीप मारून झाली की कापड उलटं करून बघायचं. मग जरा थांबून म्हणाली, "पण त्यानं दिलं काय? सवलत तरी द्यायची की. आयत्या बिळावर नागोबा."

हे लिहिताना मला राग आलेला आहे. मॅडमच्या अटीप्रमाणे वेगळं लिहिते : बघितलं ते वरचं. वाटलं ते हे.

२७ जानेवारी, सोमवार

उरलेली तीन बघून झाली.

'ख' ने मला सर्वांत जास्त शिकवलं. आईच्या लिंकवरून आलं की ते गप्प बसतं. पट्टी नाही, टॅब नाही, काही नाही. थेट दुकानात गेलं तरच वर येतं. शोधल्यावर कळलं की कमिशनचे व्यवहार सांभाळणाऱ्या मोठ्या नेटवर्कांचा नियमच आहे, आधी कुणाच्या शिफारशीवरून ग्राहक आला असेल तर एक्सटेन्शनने बाजूला राहायचं. म्हणजे हे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. पत्त्यात टॅग आहे का, एवढंच बघायचं असतं. 'क' ला ते जमत नाही असं म्हणायला जागाच उरत नाही.

'ग' पैसे परत देणारं. ते टॅग बदलतं, पण बटणावर लिहिलेलं असतं की दाबल्यावर ठरावीक टक्के परत मिळतील. याच्याबद्दल माझं मत अजून बनलेलं नाही.

'घ' किमतीचा आलेख दाखवतं, सहा महिन्यांपूर्वी केवढ्याला होतं वगैरे. दिवाळीच्या सेलआधी किंमत वाढवून मग "सवलत" देतात ते त्यात उघडं पडतं, ही खरी उपयोगाची गोष्ट आहे. कुकीला हात लावत नाही. पण उघडलेल्या प्रत्येक वस्तूच्या पानाचा पत्ता त्याच्या सर्व्हरला जातो, आलेख मागितला नाही तरी जातो.

आणखी एक प्रकार वाचण्यात आला. ग्राहकाने स्वतः टाइप केलेला कूपन कोड उचलून काही एक्सटेन्शन तो सगळ्यांना वाटतात. छोट्या दुकानदाराने जुन्या गिऱ्हाइकाला प्रेमाने दिलेला कोड असा गावभर होतो. हे आम्ही तपासलेलं नाही, फक्त नोंद.

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज परवानग्या. एक्सटेन्शन बसवताना क्रोम विचारतं, त्याचा मराठी अर्थ : सर्व वेबसाइटवरचा तुमचा सगळा डेटा वाचणे आणि बदलणे. चारपैकी तिघांनी हे मागितलं. सर्व वेबसाइट म्हणजे बँक, दवाखान्याचे रिपोर्ट, ईमेल, सगळं आलं. कूपन शोधायला दुकानाचं पान पुरतं. बाकीच्या खोल्यांच्या किल्ल्या कशाला?

भीती हवेतली नाही. अवास्ट या अँटीव्हायरस कंपनीची एक्सटेन्शन लोकांनी संरक्षणासाठी बसवली होती. त्यांतून गोळा झालेली ब्राउझिंगची माहिती जम्पशॉट ही तिचीच उपकंपनी विकत होती. पत्रकारांनी हे बाहेर काढल्यावर जानेवारी २०२० मध्ये जम्पशॉट बंद केली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफटीसीने (ग्राहकांचं रक्षण करणाऱ्या व्यापार आयोगाने) अवास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. दुसरं उदाहरण 'द ग्रेट सस्पेंडर' चं. न वापरलेले टॅब झोपवून ठेवणारं साधं, चांगलं एक्सटेन्शन. मूळ लेखकाने ते अनोळखी माणसांना विकलं, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गुगलला ते घातक म्हणून काढून टाकावं लागलं. वापरणाऱ्यांना मालक बदलल्याचा पत्ताही नव्हता. आज विश्वास ठेवून दिलेली किल्ली उद्या कुणाच्या हातात जाईल, हे किल्ली देणाऱ्याला कळतच नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

आमच्या गल्लीच्या तोंडावर झेरॉक्सचं दुकान आहे. दाखल्यांचे फॉर्म, लाइट बिल, रेल्वेचं तिकीट, सगळं तिथेच होतं. ज्यांना मोबाइलवर जमत नाही त्या बायका ऑनलाइन ऑर्डरही तिथूनच टाकतात, दादांना वीस रुपये देऊन. आईच्या क्लासमधल्या कितीतरी जणींनी मशीन तिथूनच मागवलंय.

दादांच्या परवानगीने त्यांचा कॉम्प्युटर बघितला. क्रोमच्या कोपऱ्यात सहा एक्सटेन्शन, त्यांत 'क' पण. मी विचारलं, "हे तुम्ही बसवलंय?" ते म्हणाले, "कधीतरी हो म्हटलं असंल. काम करताना मधीच विचारतंय, हो म्हटल्याशिवाय जात नाही." त्याच कॉम्प्युटरवर दिवसभर लोकांचे आधार क्रमांक, बँकेची पासबुकं, जातीचे दाखले उघडतात. मी त्यांना सगळी एक्सटेन्शन काढून दाखवली. त्यांचा चेहरा उतरला होता. "मी लोकांचं नुकसान केलं का?" असं त्यांनी दोनदा विचारलं. त्या बिचाऱ्यांनी काहीच केलं नव्हतं. एक हो म्हटलं होतं.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहायला हवी. आईच्या ऑर्डरी यामुळेच घटल्या, हे मी सिद्ध करू शकत नाही. तिचे बहुतेक प्रेक्षक मोबाइलवरून खरेदी करतात, आणि अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये एक्सटेन्शन चालतच नाहीत. कॉम्प्युटरवरून किती ऑर्डरी पडतात ते दुकान तिला सांगत नाही. कुणाचं नाव कुठे पुसलं गेलं हे ज्याचं पुसलं त्याला कधीच दिसत नाही. अहवालातून "आईचं उत्पन्न घटण्याचं कारण" हे शीर्षक काढून टाकलं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

मामी आल्या होत्या. त्या 'ग' वापरतात, गेल्या वर्षात बऱ्यापैकी पैसे परत मिळालेत. मी सगळं सांगितल्यावर म्हणाल्या, "मला दोनशे रुपये परत मिळतात. दोनशे म्हणजे आठवड्याची भाजी. ते मी का सोडू?"

त्यांचं चूक नाही. दोनशे रुपये सोडा असं सांगण्याचा मला काय अधिकार? मी म्हटलं, "मामी, पण तुम्ही आईचा व्हिडिओ बघून, तिला चार वेळा फोन करून मशीन घेतलंत. ते दोनशे तिच्या वाट्यातले आले." मामी गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "हे तिथं लिहिलंय का कुठं? ताईंचं जाऊन मला मिळणार, असं लिहा की बटणावर. मग माझं मी ठरवते."

गेले तीन आठवडे मी 'ग' बद्दल जे ठरवू शकत नव्हते, ते मामींनी सांगितलं. पैसे कुणाला मिळावेत हे ग्राहकाने ठरवावं. पण दाबणाऱ्याला आपण काय देतोय आणि कुणाचं काढून घेतोय हे त्याच बटणावर दिसलं पाहिजे. 'क' च्या "ठीक आहे" मध्ये ते नाही, म्हणून ते "ठीक आहे" खोटं आहे. अहवालाचा मुख्य मुद्दा आता हाच.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

मराठी भाषा गौरव दिन, कॉलेजात कार्यक्रम. मी लायब्ररीत कायदा वाचत बसले होते.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ चा. त्याच्या नियमांचा मसुदा या ३ जानेवारीला सरकारने लोकांसमोर ठेवला, सूचना पाठवायची मुदत ५ मार्चपर्यंत वाढवली आहे. कायद्यात संमती कशी हवी ते स्पष्ट आहे : मोकळेपणाने दिलेली, नेमक्या कामासाठी, माहिती घेऊन, विनाअट. आणि संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांपैकी कुठल्याही भाषेत वाचण्याची सोय हवी. मराठी त्यात आहे. झेरॉक्सवाल्या दादांना इंग्रजीतली पट्टी आली होती आणि ती "जात नव्हती" म्हणून त्यांनी हो म्हटलं. तेच वाक्य मराठीत, नीट लिहिलेलं असतं, तर त्यांनी निदान वाचलं असतं. आम्ही दोघींनी मिळून ही सूचना मसुद्यावर पाठवली.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची ३० नोव्हेंबर २०२३ ची मार्गदर्शक तत्त्वंही वाचली. ग्राहकाला फसवणाऱ्या मांडणीचे १३ प्रकार त्यांत दिलेत. खोटी घाई, गुपचूप कार्टमध्ये टाकलेली वस्तू, नको म्हणणाऱ्याला लाजवणं, वेश बदललेली जाहिरात. मांडणीत फेरफार करून माणसाला भलतीकडे नेणं हा प्रकार 'क' च्या बटणाला बराच लागू पडतो, असं मला वाटतं. पण सगळं रक्षण ग्राहकाचं. शिफारस करणारी आई यात कुठेच बसत नाही. ती ग्राहकही नाही, दुकानदारही नाही. मॅडम म्हणाल्या, हे वाक्य अहवालात ठेव.

१३ मार्च, गुरुवार

होळी. पुरणाच्या पोळ्या होईपर्यंत वाचत बसले. एक्सटेन्शन जिथून मिळतात त्या क्रोम वेब स्टोअरचं कमिशनच्या लिंकांबद्दलचं धोरण गुगलने याच आठवड्यात बदललं, अंमलबजावणी १० जूनपासून. एक्सटेन्शनला टॅग, कोड किंवा कुकी बसवायची असेल तर ग्राहकाला त्यातून थेट, दिसणारा फायदा हवा. आधी ठळक सांगायला हवं. आणि प्रत्येक वेळी ग्राहकाने स्वतः काहीतरी केलेलं हवं. सवलत नसताना टॅग बसवणं हे त्यांनी उल्लंघन म्हणूनच लिहिलंय. म्हणजे १९ जानेवारीला आम्ही बघितलं ते.

मैत्रीण म्हणाली, मग आपला प्रकल्प संपलाच. मला तसं वाटत नाही. "ग्राहकाने काहीतरी केलं" यात "ठीक आहे" दाबणंही बसवता येतं. एक रुपयाची सवलत दाखवली तरी फायदा दाखवता येतो. आधी कुणाचा टॅग होता, तो पुसताना त्याचं नाव दाखवा, असं मी वाचलेल्या धोरणात कुठेच नाही.

जुनी गोष्ट आहे ही. ई-बे या ऑनलाइन बाजाराच्या कमिशनसाठी लोकांच्या ब्राउझरमध्ये गुपचूप कुकी बसवणारा शॉन होगन २०१४ मध्ये पाच महिने तुरुंगात गेला. त्याला ई-बेकडून काही वर्षांत मिळालेलं कमिशन २ कोटी ८० लाख डॉलरच्या घरात होतं. त्या वेळी ती फसवणूक ठरली. कारण ती पूर्ण गुपचूप होती. आता मध्ये एक बटण आलं आहे, एवढाच फरक.

२२ मार्च, शनिवार

आमच्या एक्सटेन्शनचं नाव 'राखण' ठेवलं. शेताची राखण करतात तशी. काम एकच. दुकानात येताना कुणाचा टॅग होता ते लक्षात ठेवायचं, आणि पैसे भरायच्या आधी तो बदलला असेल तर सांगायचं.

पानातल्या स्क्रिप्टने कुकी वाचायचा प्रयत्न केला. मिळाली नाही. दुकानाने ती एचटीटीपी-ओन्ली ठेवली आहे, पानातल्या कोडला ती दिसत नाही. मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे एक्सटेन्शन काय काय मागतं ते लिहिलेल्या फाइलमध्ये, कुकीची परवानगी टाकली आणि लगेच मिळाली. आनंदाने ओरडलेच. मग यादी खाली सरकवली. त्याच परवानगीत माझी लॉगिनची कुकीही समोर होती. ती कुणाच्या हाती लागली तर पासवर्ड न टाकता माझ्या खात्यात शिरता येतं.

लॅपटॉप बंद केला. कोड चालला तो दिवस असा जाईल असं वाटलं नव्हतं.

२५ मार्च, मंगळवार

तीन दिवस आमच्या दोघींत वाद. मैत्रिणीचं म्हणणं, आपण ती कुकी वाचणारच नाही, मग परवानगी घेतली तर बिघडलं काय? कोड उघडा ठेवू, कुणीही तपासावा. माझं म्हणणं, झेरॉक्सवाले दादा कोड तपासणार आहेत का? अवास्टवर लोकांनी विश्वासच ठेवला होता. आणि उद्या माझं गुगल खातं कुणी चोरलं आणि राखणची नवी आवृत्ती परस्पर टाकली, तर? गेल्या डिसेंबरात सायबरहेवन या सुरक्षेचं काम करणाऱ्या कंपनीच्याच एक्सटेन्शनचं असं झालं. तिच्या कर्मचाऱ्याला फसवून चोरांनी ऐन नाताळात वाईट आवृत्ती सोडली. आपल्या हेतूने काय होतं? राखणदाराला तिजोरीची किल्ली लागत नाही.

शेवटी ठरलं :

कुकीची परवानगी नाही. सर्व वेबसाइटची नाही, फक्त तीन दुकानांची, आणि तीही वापरणाऱ्याने एकेक करून दिली तर. राखण फक्त पानाचा पत्ता बघेल. 'क' जो टॅब क्षणभर उघडतं त्याच्या पत्त्यातही टॅग असतो, तेवढा आम्हाला दिसतो. आठवण ब्राउझर बंद होईपर्यंतच. आमचा सर्व्हर नाही, बाहेर एकही विनंती जाणार नाही.

याचा अर्थ टॅब न उघडता पार्श्वभूमीतून कुणी कुकी बदलली तर राखणला ते कळणार नाही. काही चोऱ्या सुटणार. हे आम्ही पहिल्याच पानावर लिहिणार. मैत्रिणीने शेवटी मान्य केलं, पण मनापासून नाही. तिची बाजूही अहवालात तिच्याच शब्दांत येईल.

९ एप्रिल, बुधवार

आईला राखण दाखवलं. ती खूश झाली. मग म्हणाली, "बदललं एवढं सांगतंय, तर परत माझं नाव लावायचं बटणही ठेव की खाली."

कठीण गेलं. मी म्हटलं, "आई, मग मीही तेच करणार, पैसे भरायच्या पानावर टॅग बसवणार." शिवाय ॲमेझॉनच्या असोसिएट्स करारात (कमिशनच्या लिंकांच्या करारात) ब्राउझर प्लग-इनमधून अशा लिंका द्यायला मनाई आहे, खास परवानगी असल्याशिवाय. आई म्हणाली, "पण ते नाव माझंच हाय की." खरं आहे, तिचंच आहे. तरी ते परत लावणारा हात गिऱ्हाइकाचा असला पाहिजे, माझ्या कोडचा नाही. राखण इतकंच सांगेल, हवं असेल तर जिथून आलात तिथूनच पुन्हा या. आई उठून मशीनवर जाऊन बसली. रात्री जेवताना म्हणाली, "बरोबर हाय तुझं." मला तेव्हाही वाईटच वाटत होतं.

२१ एप्रिल, सोमवार

दादांच्या दुकानात आठवडाभर चाचणी. राखणने दोन वेळा नाहक ओरड केली. एका बाईंनी आधी आईचा व्हिडिओ बघितला, मग दुसऱ्या कुणाचा, आणि दुसऱ्यांच्या लिंकवरून घेतलं. तो त्यांचा हक्क. राखणने लाल अक्षरांत लिहिलं, "तुमची लिंक चोरली गेली!" बाई घाबरल्या, ऑर्डरच न देता गेल्या. चूक आमची.

आता लाल रंग काढला. 'चोरली' शब्द काढला. पान मागच्या टॅबमध्ये उघडलं असेल तरच सूचना येईल, आणि ती प्रश्नाच्या रूपात. निकाल द्यायचा नाही.

१७ मे, शनिवार

तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी थेट विचारलं, "हे दोन कमिशन घेणाऱ्यांचं भांडण आहे. ग्राहकाचं काय नुकसान? त्याची किंमत तर तेवढीच."

मी शिलाई मशीनचंच उदाहरण दिलं. कोणतं मशीन जाड कापडावर अडकतं हे सांगायला आईने ते चालवून बघितलेलं असतं, महिना-महिना. तिचा वाटा शेवटच्या क्षणी जात राहिला तर उद्या ती व्हिडिओ करणार नाही. मग ग्राहकाला सांगणारं कोण उरणार? ज्याने मशीनला कधी हातही लावला नाही, असं एक बटण. सर म्हणाले, "आणि सवलत मिळत असेल तर?" मी मामींचं वाक्य सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं.

१९ मे, सोमवार

आवृत्ती ०.४. सूचनेचा मजकूर आम्ही असा लिहिला होता : "संलग्न ओळखचिन्हात बदल आढळला." आईने वाचून बघितलं, म्हणाली, हे क्लासमधल्या एकीलाही कळणार नाही. तिने पेन घेतलं आणि कटिंगच्या कागदावर लिहून दिलं. तेच जसंच्या तसं घातलं :

"तुम्ही ज्यांचं ऐकून इथं आलात, त्यांचं नाव आता या खरेदीवर दिसत नाही. तुम्ही स्वतः दुसऱ्या कुणाची लिंक उघडली होती का? नसेल तर पैसे भरायच्या आधी एकदा बघा."

दादांच्या कॉम्प्युटरवर ०.४ बसवलं. परवानगीची खिडकी आली तेव्हा माउस त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावून तिन्ही ओळी वाचल्या, दोन दुकानांना हो म्हटलं, तिसऱ्याला नाही. "तिथनं आपण कधी मागवत नाही," म्हणाले.